धुरंधरांची रेष

तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघाली की काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्या रथाभोवती रिंगण घालतात, आणि सणसरचा मुक्काम आटोपून पुढे आलेला सोहळा बेलवडीच्या मैदानात पहिल्या गोल रिंगणासाठी थांबतो. इंदापूर तालुक्यात चित्रकला शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. त्यांतली बरीच वर्षे मी मुलांना घेऊन या रिंगणाला जात असे. प्रत्येकाच्या हातात पॅड, चिमट्याला लावलेले चार-पाच कागद आणि शिसपेन्सिल. खोडरबर घरी ठेवायचा, ही एकच अट.

आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, मग विणेकरी, आणि शेवटी अश्व. कागदावरून नजर वर काढावी तो समोरचे सगळे बदललेले. पोरे रडकुंडीला येत. माझी अवस्थाही फारशी वेगळी नसे, फक्त ती मी दाखवत नसे. माझ्या कागदावर दरवर्षी एक घोडा उमटायचा. कान, आयाळ, लगाम सगळे जागच्या जागी, प्रमाण बिनचूक, आणि घोडा मात्र ढिम्म उभा. टांग्याला जुंपायला आणल्यासारखा.

धावत्या माणसाला कागदावर पकडायचे कसे, या प्रश्नाने मला एका चित्रकाराकडे नेले. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर. नाव ऐकले नसेल त्यांच्याही नजरेखालून त्यांची चित्रे गेलेली असतात. शिवराज्याभिषेकाचे ते गजबजलेले चित्र, जुन्या मुंबईतल्या बायाबापड्यांची पोस्टकार्डे, आजीच्या देवघरातल्या एखाद्या तसबिरीतली लक्ष्मी. आपल्या कित्येक पिढ्यांच्या मनात देव आणि इतिहास यांचे जे रूप बसले आहे, त्यातला मोठा वाटा राजा रविवर्म्याचा आणि त्याच्या खालोखाल धुरंधरांचा.

धुरंधरांचा जन्म 18 मार्च 1867 रोजी कोल्हापुरात, पाठारे प्रभू कुटुंबात झाला. त्या कोल्हापुरात आबालाल रहिमान होते. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकलेला, विलक्षण हाताचा माणूस. चित्रकलेचे पहिले धडे धुरंधरांना त्यांच्याकडून मिळाले. गंमत अशी की गुरू मुंबई सोडून कोल्हापूरला परतला आणि तिथल्या तळ्याकाठी, झाडांत, संध्याकाळच्या उजेडात रमला. शिष्य कोल्हापूर सोडून मुंबईला गेला आणि कायमचा तिथला झाला. आबालाल रंगाच्या ठिपक्यांतून उजेड उभा करत, कडा विरघळवून टाकत. धुरंधरांचे सगळे लक्ष माणसाच्या कडेवर, म्हणजे त्याला हवेपासून वेगळा करणाऱ्या रेषेवर.

1890 मध्ये धुरंधर जे. जे.त दाखल झाले. तेव्हा तिथे जॉन ग्रिफिथ्स प्रमुख होते. हा मोठा नादिष्ट माणूस. 1872 पासून 1885 पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन तो अजिंठ्याच्या लेण्यांत जात राहिला आणि तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेत राहिला. त्यांतल्या पुष्कळ नकला पुढे लंडनला आगीत जळाल्या. अजिंठ्याच्या भिंतीवरची ती कुंचल्याची लवचिक रेषा आणि ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती, असा दुहेरी शेजार त्या शाळेत होता. शिक्षण मात्र सगळे पुतळ्यांवर चाले.

ही पद्धत वाचकांना थोडी सांगायला हवी, कारण आपल्या शाळांतल्या एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा तिच्याच पोटी जन्मलेल्या. समोर पांढरा पुतळा ठेवायचा. एक डोळा मिटून, हात ताठ करून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मापे घ्यायची. ओळंबा सोडून पाहायचे की हनुवटीच्या बरोबर खाली पायाचे कोणते बोट येते. आधी सरळ सरळ रेषांनी आकार ढोबळ बांधायचा, मग वळणे काढायची, मग कोळशाने नाहीतर खडूच्या भुकटीने सावली घोटत बसायचे. एका चित्राला आठवडेच्या आठवडे. मूर्ती हलत नाही, दमत नाही, तक्रार करत नाही. आमच्या वाट्याला पुतळ्याऐवजी तांब्या, कांदे आणि बादली आली, इतकाच फरक. वस्तुचित्राच्या पेपरला बादलीच्या तोंडाचा लंबगोल चुकला की गुण गेले.

या शिक्षणाने शेकडो हात तयार झाले आणि त्यांतले बहुतेक पुतळ्यापाशीच थांबले. धुरंधर थांबले नाहीत. मापे त्यांच्या बोटांत इतकी मुरली की मापे घेण्याची गरजच उरली नाही. मग ते रस्त्यावर बघू लागले. भाजीवाली बसते कशी, पारशीण पायरी उतरताना साडीचा काठ कोणत्या हाताने सावरते, नऊवारीचा काष्टा चालताना कुठे ताणला जातो आणि कुठे सैल पडतो. हे सगळे टिपणवहीत उतरू लागले. 1895 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले ते घरातल्या स्त्रीच्या, लक्ष्मीच्या आगमनाच्या विषयावरील चित्राला. पुढच्याच वर्षी ते आपल्याच शाळेत शिक्षक झाले.

रविवर्मा आणि धुरंधर यांच्यातला फरक मला पुस्तकातून कधी नीट कळला नव्हता. तो कळला औंधला. बारामतीहून फलटण, दहिवडी करत औंधला जाता येते. यमाईच्या डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेले श्रीभवानी संग्रहालय आहे. राजा स्वतः चित्रकार, त्यामुळे संग्रह हौसेचा आणि जाणकारीचा. तिथे रविवर्म्याची अस्सल तैलचित्रे आहेत, धुरंधरांची शिवचरित्रावरची चित्रे आहेत, युरोपातल्या जुन्या चित्रांच्या नकला आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता व बालकाचे एक दगडी शिल्पही आहे. निवृत्तीनंतर मी तिथे दोन दिवस मुक्काम ठोकून गेलो. पॅड घेऊनच.

रविवर्म्याच्या चित्रातली स्त्री पेन्सिलीने उतरवायला गेलो आणि गाल काढताना अडलो. तिच्या गालाला कडच नाही. उजेड गालावरून सरकत सरकत सावलीत जातो आणि सावली मागच्या अंधारात मिसळते. रविवर्मा तैलरंगाचा माणूस. त्याचे चित्र मातीच्या मूर्तीसारखे आतून बाहेर भरत येते. रेषा शोधायला गेलात तर सापडत नाही, कारण त्याने ती रंगाखाली पुरून टाकलेली असते. म्हणून त्याच्या नायिका उभ्या असोत की बसलेल्या, त्या स्थिर असतात. कुणीतरी त्यांना जरा थांबा म्हटले आहे आणि त्या थांबल्या आहेत.

शेजारच्या धुरंधरांच्या चित्रापुढे बसलो तेव्हा पेन्सिल आपोआप चालली. रंग तिथेही आहेत, पण रंगांखाली सांगाडा रेषेचा आहे. मानेपासून निघालेली रेषा खांद्यावरून, पाठीवरून, कमरेपाशी वळून थेट टाचेपर्यंत जाते, आणि त्या एका रेषेवरून कळते की माणसाचा भार कोणत्या पायावर आहे. पुढल्या क्षणी तो कुठे सरकणार तेही कळते. दरबारातली गर्दी काढायची तर पुढची पाच-सात माणसे ते पक्की बांधतात आणि मागच्यांना पागोट्यांच्या दोन-तीन वळणांवर सोडून देतात. डोळा बाकीचे भरून घेतो. मी इतकी वर्षे बेलवडीला मागच्या माणसाचेही नाक काढत बसलो होतो.

ही अडचण जगातल्या थोर थोर मंडळींची होती आणि प्रत्येकाने आपापली वाट काढली. त्यांची रेखाटने मी छापील पुस्तकांतच पाहिली आहेत, तरी एवढे दिसतेच. लिओनार्दो डावखुरा, म्हणून त्याच्या सावलीच्या बारीक रेघा डावीकडून उजवीकडे खाली उतरतात. मायकेलअँजेलो मुळात शिल्पकार, म्हणून तो टाकाने उभ्या-आडव्या रेघांची जाळी विणत दंडाचा गोलवा असा उभा करतो की जणू छिन्नी चालते आहे. रेम्ब्रांटच्या बोरूला यांतले काहीच नको. चार फटकारे मारतो आणि चालायला शिकणारे पोर व त्याला सांभाळणारी बाई समोर उभी. धुरंधर शिकले पहिल्या दोघांच्या वळणाने, आणि स्वभावाने होते तिसऱ्याच्या जातीचे. निदान टिपणवहीत तरी. विकायच्या चित्रात मात्र ते पुष्कळदा पुन्हा नीटनेटके होत.

त्यांनी काम किती केले, याला सुमार नाही. रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. या छापखान्यासाठी धुरंधरांनी चित्रे केली. पोस्टकार्डे केली. 1914 मध्ये किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या सोमवार-शुक्रवारच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या, त्यातली चित्रे धुरंधरांची. आटपाट नगरातल्या राण्या, आवडती-नावडती, उतणार नाही मातणार नाही म्हणणाऱ्या बाया, यांना पहिल्यांदा खरी माणसांची अंगे मिळाली. 1920 च्या ओटो रॉथफेल्डच्या पुस्तकासाठी त्यांनी हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या स्त्रिया रंगवल्या.

या शेवटच्या पुस्तकाविषयी माझ्या मनात किंतु आहे. त्यातल्या पुष्कळ स्त्रिया साहेबाला दाखवायला उभ्या केल्यासारख्या वाटतात, प्रत्येक जातीचा एक नमुना. चेहरेही बरेचसे एकाच साच्यातले. धुरंधरांचे हात, पाय, पाठ, पदर खरे असतात, चेहरा मात्र गोड करण्याचा मोह त्यांना आवरत नाही. हे त्यांच्या भक्तांना आवडत नाही, पण खुद्द धुरंधरांच्याच रस्त्यावरच्या रेखाटनांशेजारी ही चित्रे ठेवली तर कुणालाही दिसेल. जे हात इतके झरझर चालतात त्यांना मागणीही तेवढीच येते, आणि मागणी पुरवता पुरवता एक ठसा तयार होतो.

घरात त्यांनी दुःख पाहिले. पहिली पत्नी बापूबाई तरुणपणीच गेली. पुढे गंगूबाईंशी विवाह झाला. त्यांची मुलगी अंबिका 1912 साली जन्मली. वडिलांनी तिला आपल्याच शाळेत घातले आणि ती त्या काळात रीतसर चित्रकलेचे शिक्षण पुरे करणाऱ्या मोजक्या मुलींपैकी एक झाली. अंबिकाबाई 2009 पर्यंत होत्या. वडिलांची चित्रे आणि कागदपत्रे त्यांनी आयुष्यभर जपली. ज्या काळी मुलीच्या हातात पेन्सिल देणे हे रांगोळीपुरते ठीक मानले जाई, त्या काळी धुरंधरांनी हे केले, याचे मला फार मोल वाटते. त्याचे कारण शेवटी येईल.

नोकरीत ते चढत गेले. 1910 मध्ये मुख्याध्यापक झाले. ग्रिफिथ्सनंतर सेसिल बर्न्स आले, त्यांच्यानंतर ग्लॅडस्टन सॉलोमन आले. वरची खुर्ची साहेबाची, हा शिरस्ता. याच काळात बंगालमधून वारे सुटले. हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या मंडळींनी मुंबईच्या चित्रकलेवर परकेपणाचा शिक्का मारला. पुतळे बघून शिकलेली, यथार्थ दिसणारी चित्रे म्हणजे साहेबाची नक्कल, आणि धूसर रंगांतली, जुन्या लघुचित्रांच्या वळणाची चित्रे तेवढी आपली, असा तो वाद. वाद मोठा होता आणि त्यात तथ्य अजिबात नव्हते असेही नाही. पण नऊवारी नेसलेली बाई उकिडवी बसून भांडी घासते तेव्हा तिचा गुडघा कुठे येतो, हे ज्याने आयुष्यभर पाहिले त्याची रेषा परकी कशी म्हणायची? पद्धत विलायती होती, मान्य. पाहणे विलायती नव्हते. ज्याने कधी ओळंबा हातात धरला नाही त्याला हा फरक कदाचित जाणवणार नाही.

नव्या दिल्लीच्या सचिवालयाच्या भिंती रंगवायचे काम निघाले तेव्हा मुंबईच्या शाळेलाही वाटा मिळाला, आणि साठीला टेकलेल्या धुरंधरांनी तिथे हिंदू व मुसलमानी न्यायदानाचे प्रसंग रंगवले. 1930 मध्ये थोड्या काळासाठी का होईना, जे. जे.च्या संचालकाचा कारभार त्यांच्या हाती आला. त्या खुर्चीत बसलेले ते पहिले भारतीय. चाळीस वर्षे घालवल्यावर मिळाली ती हंगामी खुर्ची. 1931 मध्ये ते निवृत्त झाले. 1940 मध्ये त्यांचे आत्मचरित्र निघाले, ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. त्या नावातच शाळेविषयीचा सगळा भाव आला. 1 जून 1944 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यानंतर तीनच वर्षांनी मुंबईत नव्या दमाच्या चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह गट उभा राहिला आणि धुरंधरांचे नाव मागे पडले. कॅलेंडरवाले चित्रकार, पुस्तकांत चित्रे काढणारे, अशा थोड्या हलक्या आवाजात त्यांचा उल्लेख होऊ लागला. 2018 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा मी पहाटेच्या एस.टी.ने निघून गेलो होतो. तैलचित्रांपुढे गर्दी होती. मी रेखाटनांपुढेच जास्त वेळ उभा राहिलो. पेन्सिलीच्या काही रेघा, कुठे जलरंगाचा हलका हात. त्यांत प्रमाण होतेच, पण ते कुणी मोजून दाखवत नव्हते. बाई नुसती चालली होती.

तिथे उभा असताना मला आमच्या शाळेतली एक मुलगी आठवली आणि अंगावर काटा आला.

ती आठवीत होती. ऊसतोडीच्या हंगामात शाळा बुडवायची, पण बेलवडीला पालखी आली की हजर. एका वर्षी तिने रिंगणातल्या तुळशीवाल्या बाया काढल्या होत्या. दहा-पंधरा बायांची मिळून जवळजवळ एकच रेषा. पदर, दंड, डोक्यावरची तुळस, पुन्हा पदर, अशी पेन्सिल न उचलता गेलेली. एकीलाही पाय नाहीत. पण सगळ्याजणी पळत होत्या. मी काय करावे? एलिमेंटरीची परीक्षा तोंडावर, स्मरणचित्राच्या पेपरात पाय नसलेल्या बायांना कोण गुण देणार, या काळजीने मी तिला साडेसात डोक्यांचे प्रमाण समजावले. एका बाईची उंची तिच्याच डोक्याच्या साडेसात पट. कागदावर फूटपट्टीने फिक्या आडव्या रेघा मारून दिल्या आणि सगळे खोडून, पाय घालून पुन्हा काढायला लावले. माझ्याच खोडरबराने. तिने निमूटपणे काढले. बाया उभ्या राहिल्या, माझ्या घोड्यासारख्या. परीक्षेत ती बी श्रेणीत पास झाली. इंटरमिजिएटला बसली नाही. मीही विचारले नाही.

मुलांची जुनी चित्रे मी टाकून देत नाही. मुंबईहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी पत्र्याची पेटी उपसली. तळाशी तो कागद सापडला, एक कोपरा कसरीने खाल्लेला. वर पायवाल्या बाया आहेत. पण कागद खिडकीपाशी नेऊन तिरका धरला की खाली दबलेली पहिली रेषा दिसते. पेन्सिल तिने जोर लावून चालवली होती, म्हणून खोडूनही चरा राहिला आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग.

तो कागद मी कोऱ्या पुठ्ठ्यात घालून ठेवला आहे. मुलगी लग्न होऊन नीरेपलीकडे माळशिरसच्या बाजूला गेली, एवढा पत्ता लागला आहे.